नऊ महिन्यांचं साल

दोघांनी त्याच्या काखेत हात घालून त्याला उचललं आणि डाळ मिलच्या फाटकाबाहेर आणून सोडलं. तो पडला, उठला, पुन्हा आत जायला निघाला. वॉचमननं लोखंडी फाटक ओढून घेतलं. मग त्यानं कपाळ फाटकावर आपटायला सुरुवात केली. मी मधे हात घातला तर माझ्या बोटांवर आपटलं. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं, तरी तो एकच वाक्य बोलत होता, टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या माणसासारखं स्वच्छ. "अखाजी अजून आलेली नाही. माझं साल पूर्ण झालेलं नाही."

वॉचमन माझ्यावर ओरडला, "ओ माय, लई जा ना त्याले घर! आठे तमाशा नको."

"त्याले हात लावेल चालत नही, तुले माहीत नही का? नऊ महिना देखी राहिना तू."

"मना हातमा काय शे, माय? वरतून हुकूम शे."

डाळ निवडणाऱ्या बायका कामावर येत होत्या. नऊ महिने त्यांनी त्याच्याबरोबर चहा घेतला होता. त्या दिवशी त्या पदर पुढे ओढून बाजूच्या दारानं आत गेल्या. एकीनंही विचारलं नाही, काय झालं म्हणून. पाठोपाठ शेठची गाडी आली. फाटक उघडलं, गाडी आत गेली, फाटक बंद झालं. गाडीची काच वरच होती.

तो माझा नातू. मुलीचा मुलगा. जावई सोडून गेला, मुलगी सुरतेला साड्यांना खडे लावायला गेली, आणि हा सहा वर्षांचा असताना माझ्याकडे शिंदखेड्याला आला तो कायमचा. आमच्या गल्लीत सगळे अहिराणी बोलतात. हा बोलत नाही. हा टीव्हीतून शिकला, म्हणून पुस्तकातलं मराठी बोलतो आणि पोरं त्याला साहेब म्हणून चिडवतात. लहानपणी आम्ही त्याला वेडा म्हणत होतो. मीही म्हणत होते. खोटं कशाला सांगू? पुढे धुळ्याच्या डॉक्टरीण बाईंनी कागदावर शब्द लिहून दिला, स्वमग्नता. शब्द कळला म्हणून पोरगा बदलला नाही, पण मी वेडा म्हणायचं सोडलं.

त्याच डॉक्टरीण बाईंनी धुळ्यातल्या एका संस्थेत पाठवलं. तिथल्या ताई अशा मुलामुलींना काम शिकवायच्या आणि पगारी काम मिळवून द्यायच्या. तिथं तो दोन वर्षं गेला. ताईंनी त्याला पुष्कळ शिकवलं, हे मी नाकारणार नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. करून दाखवायचं, मग गप्प बसायचं. दिवसभरात काय काय होणार आहे ते सकाळीच सांगून टाकायचं आणि त्यात बदल करायचा नाही. मला हे कोणी तो लहान असतानाच सांगितलं असतं तर पोरानं निम्मा मार खाल्ला नसता. ताई आमच्या घरी यायच्या. माझ्या हातची कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी मागून खायच्या, चुलीजवळ पाटावर बसून. माझ्या मुलीला जे सांगितलं नाही ते मी त्यांना सांगितलं होतं.

नरडाण्याच्या एमआयडीसीतल्या डाळ मिलमधलं काम त्यांनीच आणलं. मिलच्या मागे बारदानाचं गोडाऊन होतं, यंत्रांपासून लांब. परत आलेली रिकामी पोती तिथं येत. प्रत्येक पोतं उलटं करायचं, झटकायचं, आत हात घालून उजेडाकडे धरायचं, भोक असेल तर वेगळं टाकायचं, नसेल तर घडी घालून गठ्ठा बांधायचा. दुसरी माणसं या कामाला आठवड्यात कंटाळत. धूळ नाकातोंडात जाते आणि बोलायला कोणी नसतं. याला दोन्ही चाललं. सुईएवढं भोक याच्या नजरेतून सुटत नसे. शिवणीतला एक टाका सैल असला तरी तो पोतं बाजूला टाकी, आणि मुकादम म्हणे, "अरे साहेब, इतना बारीक काय देखस? पोतं शे, पैठणी नही."

आता माझी चूक सांगते.

माझे मालक सालदार होते. एकाच शेतकऱ्याकडे त्यांची उभी हयात गेली. आमच्याकडे सालदाराचं साल अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला संपतं आणि त्याच सुमाराला नवं धरतात. कागद नसतो. धनी म्हणतो, यंदा साल धर, सालदार म्हणतो, धरलं. एवढ्यावर वर्ष जातं. मग पाऊस येवो न येवो, भांडण होवो, धनी सालदाराला अखाजीआधी काढत नाही आणि सालदार सोडत नाही. ज्यानं मधेच काढलं त्याच्याकडे पुढच्या वर्षी कोणी साल धरायला जात नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून नोकरी म्हणजे हेच बघितलं. दुसरी नोकरी मला माहीत नव्हती.

नातवाला मिलमध्ये घेतलं तो दिवस नेमका अखाजीच्या दुसऱ्या दिवशीचा. शेठच्या ऑफिसात मी होते, ताई होत्या, तो होता. ताईंनी एक कागद पुढे केला. मी चौथी शिकलेली आहे, मराठी छापलेलं वाचते. तो कागद इंग्रजीत होता. मी विचारलं, "यात काय आहे?" ताई म्हणाल्या, "कामाचंच आहे सगळं, आजी. इथं सही करा." मी केली. मग मी शेठला विचारलं, "मग साल धरायचं का?"

शेठ हसले. "धरा की, अक्का. धरा साल."

ताई पण हसल्या. मला वाटलं, आनंदानं हसल्या.

घरी येऊन मी नातवाला सांगितलं, अखाजीपर्यंत तुझं साल आहे. शेठचा शब्द आहे. रोज जायचं, मग पुढच्या अखाजीला विचारायचं, नवं साल धरायचं का. त्याला असं सांगितलेलं फार आवडतं. सुरुवात कुठे आणि शेवट कुठे हे माहीत असलं की तो शांत असतो. त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरात रोज एक फुली मारायची ठरवलं.

पहिला महिना मी त्याच्यासोबत गेले. गोडाऊनच्या दारात पोत्यावर बसून राहायचे. चहा साडेदहाला आला नाही की तो हातातलं पोतं खाली ठेवून उभा राही आणि चहा येईपर्यंत उभाच राही. मी चहावाल्याला सांगून ठेवलं. ट्रकवाले हॉर्न वाजवायचे, तेव्हा तो कानांवर हात ठेवून खाली बसे. मी जुन्या गोधडीचा कापूस घालून कानपट्टी शिवून दिली. मुकादम एकाच दमात तीन कामं सांगे. मी त्याला म्हटलं, "एक सांग, ते झालं की दुसरं सांग." तो म्हणाला, "माय, तू मना वरनी मुकादम शे का?" मी म्हटलं, "आज शे." तो हसला, पण तसं वागायला लागला. दुसऱ्या महिन्यापासून नातू एकटा बसनं जाऊ लागला. पहिला पगार आणला तेव्हा त्यानं मला विचारलं, हे कुठे ठेवतात? मी पत्र्याचा डबा दिला. त्यानं डब्यावर स्वतःचं नाव लिहिलं.

नऊ महिने एक दिवस चुकला नाही. तापात गेला. संक्रांतीला सगळ्या मिलनं दांडी मारली तर हा एकटा फाटकात उभा, वॉचमननं फोन करून मला सांगितलं.

संक्रांत होऊन पंधरवडा झाला आणि एका सकाळी तो दहा वाजताच घरी आला. म्हणाला, "आत प्रवेश दिला नाही." मला वाटलं, काही बिघाड असेल, मिल बंद असेल. दुसऱ्या दिवशी मी सोबत गेले. तो फाटकाच्या फटीतून आत शिरला, थेट गोडाऊनला गेला आणि पोती झटकायला लागला. पुढचं मी आधीच सांगितलं आहे.

कपाळाला चार टाके पडले. ते घालून होईपर्यंत दुपार झाली. त्याला शेजारणीच्या हवाली करून मी परत नरडाण्याला गेले आणि शेठच्या ऑफिसात जाऊन उभी राहिले. तिथल्या पोरानं अडवलं, तेव्हा म्हटलं, मला पण उचलून बाहेर टाक, बघू. त्यानं आत सोडलं.

शेठ म्हणाले, "अक्का, झालं ते वाईट झालं. दवाखान्याचं मी देतो."

"दवाखाना सरकारी आहे. साल मोडलं कशाला ते सांगा."

"कसलं साल?"

"अखाजीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, धरा साल. याच खुर्चीत बसून."

"अहो अक्का, ते बोलण्यात गेलं. तुम्ही विचारलं, मी हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला काय नाही म्हणायचं?"

"सालदाराला अखाजीआधी काढतात का?"

"तो सालदार आहे का? ही फॅक्टरी आहे. इथं कागद चालतो." त्यांनी कपाटातून फाईल काढली. तोच कागद. खाली माझी सही. "नऊ महिने. त्याचा पगार नऊ महिने संस्थेकडून येत होता, आमच्याकडून नाही. तो बंद झाला, काम बंद झालं. तुमच्या मॅडमला सगळं माहीत आहे. त्यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

मी विचारलं, "काम चांगलं करत होता का?"

"चांगलं करत होता. मी कुठे नाही म्हणतो?"

"मग तुमच्या खिशातून ठेवायला काय झालं?"

शेठ फाईल बंद करून फोन बघायला लागले.  

टाके ओलेच होते आणि तो तिसऱ्या दिवशी सकाळी डबा भरून निघाला. मी दारात आडवी उभी राहिले, तर म्हणाला, "आजी, उशीर होईल." त्याला थांबवता येत नव्हतं, म्हणून मी सोबत गेले. आत घेणार नाहीत हे त्याला कळलं होतं. तो फाटकापासून चार हात लांब उभा राहिला, आठ ते सहा. साडेदहाला चहावाला आला की कप घेई. दीड वाजता डबा उघडे. सहाला माझ्याकडे बघे आणि आम्ही बसस्टॉपवर जात असू. मी समोरच्या बाभळीखाली बसायचे. ट्रकवाले विचारायचे, हा कोण, पहारेकरी का? एकानं त्याला पाच रुपये दिले. त्यानं ते वॉचमनला नेऊन दिले आणि सांगितलं, "हे कुणाचे तरी पडले आहेत."

शुक्रवारी मिलला सुट्टी असते. त्या दिवशी तो घरी होता. मी धुळ्याला गेले.

संस्थेच्या ऑफिसात शिरताना भिंतीवर त्याचा फोटो दिसला. हातात बारदानाचा गठ्ठा, दात दाखवलेले. हस म्हटलं की तो असे दात दाखवतो, ते हसू नसतं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, आमचा यशस्वी विद्यार्थी.

ताई उठून पुढे आल्या. "आजी, मी फोन करणारच होते."

"कधी? अखाजीला?"

त्या बसल्या. मी उभीच राहिले.

"तुम्हाला नऊ महिन्यांचं माहीत होतं?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"आजी, ऐकून घ्या. पगार आम्ही देतो म्हटल्याशिवाय कोणी या मुलांना दारात उभं करत नाही. पहिले नऊ महिने आम्ही द्यायचे, मग मालकानं काम बघून ठेवून घ्यायचं, असं ठरलेलं असतं. मला वाटलं, त्याचं काम बघून ते ठेवतील."

"आजवर किती जणांना ठेवलं?"

त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले.

"ताई, मी विचारते आहे."

"एका मुलीला. पापडाच्या कारखान्यात."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे घरी आहेत."

मी म्हटलं, "मी साल विचारलं तेव्हा तुम्ही हसलात. तेव्हा का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याला पाठवलं नसतं."

"नसतंच पाठवलं."

"मग त्याला हे नऊ महिनेसुद्धा मिळाले नसते. तो कमावत होता, आजी. एकटा बसनं जात होता. ते काहीच नाही का?"

 नऊ महिने चांगले गेले हे खरं आहे. पण त्यांनी मला शिकवलं होतं की त्याला आधी सांगायचं, शेवट कुठे आहे ते सांगायचं, आणि त्यात बदल करायचा नाही. हे धडे देणाऱ्या बाईनं शेवट स्वतःजवळ ठेवला आणि माझ्या तोंडून त्याला दुसरा सांगू दिला. मी घरी त्याला अखाजी सांगते आहे हे त्यांना ठाऊक होतं. माझ्याच चुलीशी बसून त्यांनी भिंतीवरच्या फुल्या बघितल्या होत्या. छान मारतोस म्हणाल्या होत्या.

मी म्हटलं, "तुम्ही चला आणि त्याला सांगा. तुमच्या तोंडानं सांगा."

"गुरुवारी येते. नक्की येते."

"तो फोटो भिंतीवरून उतरवा."

त्यांनी स्टुलावर चढून फोटो उतरवला आणि माझ्या हातात दिला. मला तो नको होता. धुळ्याच्या बसस्टँडवर मी तो कचऱ्याच्या डब्यात टाकला, काचेसकट.

गुरुवारी ताई येणार हे मी नातवाला सांगितलं नव्हतं, एवढं शहाणपण तोवर आलं होतं. आम्ही रोजच्यासारखे फाटकाशी गेलो. मी रस्त्याकडे बघत राहिले. ताई आल्या नाहीत. दुपारी फोन आला, मीटिंग निघाली, पुढच्या आठवड्यात बघू. मी फोन ठेवला. त्यानंतर मी त्यांचा फोन घेतला नाही.

तीन आठवडे आम्ही फाटकासमोर काढले. माझे गुडघे धरले. उन्हानं त्याच्या चेहऱ्याची साल निघाली. एक दिवस मुकादम बाहेर आला, त्याच्याजवळ उभा राहिला, हात न लावता. म्हणाला, "साहेब, घर जाय रे. मले देखावत नही." नातू म्हणाला, "अखाजीला जाईन." मुकादम माझ्याकडे आला. "माय, तू सांग ना त्याले. तुनंच ऐकस तो." मी म्हटलं, "म्हणून तर उभा शे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाटलीत पाणी भरत होता, तेव्हा मी सांगितलं. बसून सांगितलं, त्याच्याकडे न बघता, कारण बघितलेलं त्याला चालत नाही.

"तुझं साल अखाजीपर्यंत नव्हतं. नऊ महिन्यांचं होतं. ते संपलं."

त्यानं बाटली खाली ठेवली. "तू म्हणाली होतीस, अखाजी."

"हो."

"आजी, तू असत्य बोललीस."

"हो."

"जाणूनबुजून?"

"नाही. मला खरं वाटलं होतं."

त्यानं विचार केला. "परंतु ते खरं नव्हतं."

"नव्हतं."

"शेठना ठाऊक होतं?"

"होतं."

"ताईंना?"

"होतं."

"मला कुणी सांगायला हवं होतं?"

मी म्हटलं, "मी." दुसरं काय म्हणणार? ताईंचं नाव घेतलं असतं तर त्याच्या काय उपयोगाचं होतं? ताईंचा शब्द त्यानं धरलाच नव्हता. माझा धरला होता.

त्यानं डबा रिकामा केला, भाकरी परत टोपलीत ठेवली, बाटलीतलं पाणी माठात ओतलं. मग भिंतीकडे तोंड करून झोपला. ओरडला नाही, डोकं आपटलं नाही. मला वाटलं होतं, आपटेल. आपटलं असतं तर मला हात मधे घालता आला असता.

त्या दिवसापासून तो मिलला गेला नाही. आणि त्या दिवसापासून तो मला काही विचारत नाही. आज वार कोणता हे शेजारणीला विचारतो. बस किती वाजता हे स्टँडवर जाऊन बघतो. मी चहा झाला म्हटलं तर आधी येऊन चुलीवर बघतो आणि मग बसतो. रागानं करत नाही. राग असता तर उतरला असता. माझं सांगणं खोटं निघू शकतं ही त्याला मिळालेली माहिती आहे आणि ती बरोबर आहे.

पावसाळ्यानंतर त्यानं स्वतःच काम धरलं. स्टँडजवळ एका म्हाताऱ्या मुसलमान गादीवाल्याचं दुकान आहे. हा रोज समोर उभा राहून गादीचे टाके बघायचा. एक दिवस म्हाताऱ्यानं म्हटलं, "बेटा, तो कोना धर." यानं धरला आणि सांगितलं की तिसऱ्या ओळीत एक टाका सुटला आहे. सुटलाच होता.

मी दुकानात गेले. म्हाताऱ्यानं मला बघून हात जोडले. "अक्का, काम चांगलं करतो. पण मी वचन देणार नाही. सीझन आहे तोवर आहे. मी आहे तोवर आहे."

"देऊच नका," मी म्हटलं. "त्याच्या तोंडावर सांगा, जे असेल ते."

"सांगतो ना. रोज संध्याकाळी विचारतो मला, उद्या यायचं आहे का. मी म्हणतो, ये. कधी म्हणतो, उद्या कापूस नाही, परवा ये. चालतं त्याला."

उद्या आहे का नाही हे तो मला घरी सांगत नाही. सकाळी उठून त्यानं डबा घासायला घेतला तर मी भाकरी थापते.

मिल चालू आहे. संस्थाही चालू आहे, नवी मुलं घेतात. परवा गल्लीतली एक जण तिच्या मुलीसाठी विचारायला आली होती. मी तिला म्हटलं, जा, पण कागद मराठीत माग, आणि शेवटची तारीख विचारून पोरीला पहिल्याच दिवशी सांग.

लिहायला मी बसले, पण हे माझ्यावर गुदरलेलं नाही. माझ्या मुलीच्या मुलावर गुदरलं. तो चोवीस वर्षांचा आहे आणि माझ्याच घरात राहतो.